एकुवाचा मंगळवार

अनोमाबोच्या किनाऱ्यावर मंगळवारी होड्या पाण्यात लोटत नाहीत. तो समुद्राच्या विसाव्याचा वार. त्या दिवशी जाळं टाकणाऱ्याला देव एक वेळ माफ करील, पण किनारा करणार नाही. पूर्वी मंगळवारी कोळी जाळी दुरुस्त करत, आपसांतले तंटे मिटवत आणि दुपारी माडाखाली आडवे होत. जाळी आजही दुरुस्त होतात, पण एका हाताने. दुसऱ्या हातात फोन असतो. म्हणूनच जो वार समुद्राच्या विश्रांतीचा, तोच एकुवा क्वान्साला आठवड्यात सर्वांत जड जाई.

एकुवा कपडे शिवायची. चर्चच्या मागच्या गल्लीत, रस्त्याकडे तोंड केलेल्या खोलीत तिचं मशीन होतं. मशीनच्या उजव्या अंगाला दोऱ्यांची रिळं आणि डाव्या अंगाला, डब्याला टेकवून उभा केलेला फोन. गावातल्या आणि गावाबाहेर पांगलेल्या माणसांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्याची ती ॲडमिन होती. ग्रुप सुरू केला तिच्या भाच्याने. कुवेतला कामाला जाताना त्याने तो तिच्या हवाली केला आणि म्हणाला, "मावशी, विमानातून उतरेपर्यंत जरा बघ. भांडणं होऊ देऊ नकोस, एवढंच." तो विमानातून उतरला, तिकडे रुळला, त्याचं लग्न झालं, मुलगी चालायलाही लागली, ग्रुप मात्र अजून मावशीच्याच गळ्यात होता. टेमापासून टोरांटोपर्यंतची माणसं त्यात होती आणि ती एकाच वेळी कधी झोपत नसत.

बातमी खरी की खोटी, हे विचारायला लोक एकुवाकडे येत. याचं तिला स्वतःला नवल वाटे, कारण तिची रीत अगदी साधी होती. एखादी गोष्ट जिथे घडली असं म्हणत, तिथल्या कुणाला तरी ती फोन लावी. एवढ्यावरच तिचे निकाल चालत, आणि ते तीनच होते: "खरं", "खोटं" आणि "कळलं की सांगते". पहिल्या दोन निकालांवर वाद होत. तिसऱ्यावर कधी कुणी वाद घातला नाही, कारण कळल्यावर ती खरोखरच सांगे.

त्या मंगळवारी सकाळी तिने एका शाळेच्या गणवेशाच्या बाह्या जोडायला घेतल्या होत्या, तोवर ताविया जागा झाला. ताविया होडीचा सुकाणूवाला. समुद्रावर तो मोजकं बोले आणि ती सगळी शिल्लक मंगळवारी खर्च करी.

"आंटी एकुवा! ही बकरी बघ!" त्याचा व्हॉइस मेसेज गल्लीभर ऐकू जाईल असा होता. "मांकेसिमच्या स्टँडवर रोज ट्रोट्रोच्या गाडीत चढते आणि बाजार आला की बरोबर उतरते. आणि भाडं? भाडं नाही देत! माझ्या मेहुण्याला हिच्याशीच लग्न लावून द्यायला हवं होतं."

मॅडम आर्थर निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी विचारलं, "ताविया, बकरी बाजारात उतरते, हे कुणी पाहिलं?"

"मॅडम, तिनेच सांगितलं. शिस्तीवरून वाटतं तुमच्याच शाळेतली आहे."

मग एक खळखळतं, दात नसलेलं हसू आलं. ते एना आदवोआचं. ही म्हातारी किनाऱ्यालगत एकटी राहत असे. तिला वाचता येत नव्हतं, पण टेमा बंदरात कामाला असलेल्या तिच्या मुलाने, क्वामेनाने, तिला मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला होता आणि व्हॉइस कसे ऐकायचे नि बोलायचे ते शिकवलं होतं. डोळ्यांत पाणी साचत असल्यामुळे चित्रं ती फोन नाकाशी धरून, सवडीने बघे. आवाज मात्र आल्याबरोबर लावी. मंगळवारी दिवसभर तिचा फोन चालू असे आणि तिचं हसू ऐकू आलं की लोकांना आपला विनोद पावला असं वाटे. "तुमची आज्जी हसली का?" असं लंडनहूनही विचारत.

एकुवाने मांकेसिमच्या स्टँडवरच्या एका ओळखीच्या बाईला फोन लावला. बकरी खरीच होती. एका ड्रायव्हरच्या आईची ती बकरी त्याच्या मागेमागे गाडीत चढे. तिने ग्रुपवर लिहिलं, "बकरी खरी. भाड्याचं कळलं की सांगते."

त्यापाठोपाठ एक कोनफळ आलं. बसलेल्या माणसासारखा आकार, अगदी मांडी घातलेली. कुणी म्हणालं हा संकेत आहे. कुणी म्हणालं, संकेत असेल तर उकडून खाऊ नका, आणि खाल्लात तर मला बोलवा. टोरांटोच्या एकाने लांबलचक लिहिलं की अशा गोष्टी पसरवणारे आपणच आपलं हसं करून घेतो. त्यावर कुमासीच्या एका बाईने त्याला विचारलं की तिकडे बर्फात राहून त्याला आपली लाज कधीपासून वाटायला लागली. तोवर तिसऱ्याने बातमी टाकली, उद्यापासून पाण्याच्या पिशव्या विकणं बंद. साठा करून ठेवा. पाचेक बायकांनी एकदम विचारलं, "आंटी एकुवा, खरं का?"

एकुवाने बाही बाजूला ठेवली. तिची मान दुखत होती. सुईतून दोरा ओवायला आताशा चष्मा लागे आणि फोन वाचायला वेगळा. दिवसभर ती एक काढायची नि दुसरा लावायची, आणि संध्याकाळी दोन्ही काढून ठेवल्यावर जग जरा वेळ धूसर दिसे, ते तिला बरं वाटे. तिने केप कोस्टच्या एका घाऊक विक्रेत्याला फोन केला. "खोटं," तिने लिहिलं. मग टोरांटोच्या माणसाला एकट्याला लिहिलं, "तुझं बरोबर आहे, पण असं नको बोलूस," आणि कुमासीच्या बाईला एकटीला लिहिलं, "तुझंही बरोबर आहे, पण असं नको बोलूस." असे निरोप तिने आजवर इतके लिहिले होते की पहिला शब्द टाकताच फोन पुढचे आपणहून सुचवू लागला होता.

"दमलीस का गं?" मॅडम आर्थरनी तिला वेगळं विचारलं.

"मंगळवार आहे, मॅडम."

"दे सोडून एकदा. गाव काही बुडत नाही."

"बुडत नाही हो. पण मी सोडलं की पाण्याच्या पिशव्या मात्र रात्रीत संपतील."

ऊन गल्लीच्या मधोमध आलं तेव्हा फोटो आला.

स्टीफन बॅफो नावाच्या माणसाने तो टाकला होता. अनोमाबोचाच, टेमात राहणारा, क्वामेनाच्या बरोबरीने बंदरात काम करणारा. काळी-तांबडी किनार, वर जळती मेणबत्ती, मधे पांढऱ्या शर्टातला क्वामेना ओटू, डोळे जरासे मिटून हसणारा. खाली जन्मसाल आणि पुढे यंदाचं साल.

एकुवाने फोन हातात घेतला तो दोन्ही हातांनी. तिला काही वाटायच्या आत बोट चाललं होतं. तिने तो फोटो सर्वांसाठी पुसून टाकला. क्वामेना तिच्या धाकट्या भावाच्या वर्गातला, लहानपणी तिच्या आईच्या अंगणात आंबे पाडून खाणारा. पण त्याचा विचार करायला तिला सवड नव्हती. एकच गोष्ट तिच्यासमोर होती: एनाने पाहिलं का?

तिने बॅफोला फोन लावला.

"स्टीफन, काय केलंस हे?"

"आंटी, पहाटे पाळी संपताना कोसळला हो. दवाखान्यात नेईपर्यंत... मी होतो बरोबर." तो एका दमात सांगू लागला. "मी घाईने नाही टाकलं, आंटी. खरंच सांगतो. जिनची बाटली गेली होती. एग्या आमिसांनी घेतली, त्यांनी मान्य केलं, तसा केप कोस्टहून निरोप आला, आणि मगच मी टाकलं. बाटली घेतल्यावर बातमी उघडी होते, नाही का?"

रीत त्याने पाळली होती, पण अर्ध्यापर्यंतच. एग्या आमिसा हे आदवोआच्या घराण्याचे कुळप्रमुख. मृत्यूची बातमी पेय घेऊन आधी त्यांच्याकडे नेतात हे खरं, आणि त्यांनी ते स्वीकारलं की ती जाहीर होते हेही खरं. पण आमिसा आता केप कोस्टला मुलीकडे राहत होते. पूर्वी कुळप्रमुख आणि आई एकाच अंगणात असत; बाटली स्वीकारून ते उठले की चार पावलांवर आई. आता त्या चार पावलांत एक महामार्ग होता, आणि बॅफोच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

"स्टीफन, एनाला अजून कुणी सांगितलेलं नाही."

पलीकडे बंदरातली यंत्रं घरघरत होती. मग तो रडायला लागला.

एकुवाने आमिसांना फोन केला. ते म्हणाले की दोन म्हाताऱ्या बायकांना बरोबर घेऊन निघतच होते, वाटेत एकीला घ्यायचं होतं, पोचायला दुपार कलेल. "तू तिला काही सांगू नकोस, पोरी. आणि कुणाला सांगूही देऊ नकोस. आईला मुलाचं मरण उभ्याने ऐकवत नाहीत. आम्ही येऊ, बसू, पाणी पिऊ. आदवोआ आम्हांला विचारील, मग मी सांगेन. तोवर तू सांभाळ."

तिने ग्रुपवर लिहिलं. बोलली नाही, लिहिलं: "ज्यांनी फोटो पाहिला त्यांनी गप्प राहा. एनाला अजून कळवलेलं नाही. एग्या आमिसा वाटेत आहेत. कुणी तिच्या घरी जाऊ नका, तिला फोन करू नका. व्हॉइसवर नावसुद्धा घेऊ नका."

वाचल्याच्या खुणा भराभर उमटत गेल्या. आणि मग ग्रुप शांत झाला. मंगळवारी, भर दुपारी, शेकडो माणसांचा तो ग्रुप असा निपचित पडला की एकुवाला आपल्या खोलीतलं घड्याळ ऐकू यायला लागलं. सुरुवातीला तिला बरं वाटलं. लोकांनी ऐकलं होतं.

तेवढ्यात एक व्हॉइस आला. एना आदवोआचा.

"काय रे? आज मंगळवार ना? सगळे कुठे मेलात?"

एकुवा उठून उभी राहिली. ह्या शांततेचा तिने विचारच केला नव्हता. म्हातारीला वाचता येत नव्हतं. पण गप्प बसलेलं गाव तिला वाचता येणार होतं. अजून थोडा वेळ असंच राहिलं तर ती पदर खांद्यावर टाकून विचारत बाहेर पडली असती, आणि गल्लीत पहिल्या भेटलेल्या बाईचा चेहरा पाहून तिथेच, उभ्या उभ्या, सगळं समजली असती.

एकुवाने पुन्हा लिहिलं: "गप्प राहू नका. बोला. रोजच्यासारखं बोला. ती ऐकते आहे."

काही वेळ कुणालाच जमेना. तावियाने लिहिलं, "आंटी, मला नाही होणार. तो माझ्या होडीवर पोहायला शिकलाय."

"म्हणूनच तू," तिने लिहिलं.

आणि मग तावियाचा आवाज आला. जरा चिरका होता, पण मोठा होता. "एना! कोण मेलंय? केंकी खात होतो सगळे! आणि खाता खाता वाद पडलाय, तो तूच सोडव. अक्राचा एक माणूस म्हणतो की आपली केळीच्या पानात उकडलेली मक्याची केंकी म्हणजे आजाऱ्याचं जेवण, आणि त्यांची कणसाच्या सालीतली तीच खरी. सांग, याला काय करावं?"

"त्याला इकडे पाठव," एना म्हणाली. "त्याच्या तोंडात पान घालते."

अक्राचा माणूस कुणी नव्हताच. पण क्षणभराने मॅडम आर्थर, ज्यांनी उभ्या जन्मात व्हॉइसवर पदार्थांविषयी चकार शब्द काढला नव्हता, शांतपणे म्हणाल्या, "मी आठ वर्षं अक्राला होते. मला त्यांचीच आवडते." गदारोळ झाला. कुमासीची बाई ओरडली. टोरांटोचा माणूस, ज्याला सकाळी गावाची लाज वाटली होती, बर्फातून ओरडला की केळीच्या पानाचा वास त्याला स्वप्नात येतो आणि मॅडमनी हे बोलायला नको होतं. आणि याच गदारोळात, एकाखाली एक, लिहिलेले निरोप येत होते. "देवा, याची मुलं लहान आहेत." "बायकोजवळ कोण आहे?" "गेल्या मंगळवारीच माझ्याशी बोलला." बोलताना लोक हसत होते आणि लिहिताना रडत होते, तीच माणसं, त्याच मिनिटाला. एकुवाने आजवर ग्रुपवर खोटी बातमी चालू दिली नव्हती. आज सगळा ग्रुप मिळून एक खोटा मंगळवार रचत होता आणि ती त्याची राखण करत होती.

तिने गणवेशाच्या बाह्या, सुई-दोरा पिशवीत घातला आणि एनाकडे निघाली. कुणी येता-जाता म्हातारीला फोन वाचून दाखवू नये म्हणून तिथे बसणं भाग होतं. गल्लीत बायका दारांत उभ्या होत्या. एकीने फक्त डोळ्यांनी विचारलं आणि एकुवाने 'अजून नाही' अशी मान हलवली.

एना आदवोआ दारातल्या बुटक्या स्टुलावर बसली होती. पूर्वी मासे धुरावर सुकवायची तिची मातीची चूल अंगणात तशीच होती, तिच्यात आता कोंबडी अंडी घालायची. फोन मांडीवर, आवाज पूर्ण मोठा.

"ये गं पोरी! ऐकलंस? ती मास्तरीण अक्राची केंकी खाते! मला आधीच शंका होती." तिने आणखी एक स्टूल पुढे सरकवलं. "आणि काम घेऊन आलीस इथे? घरी उजेड नाही होय?"

"घरी डोकं उठलं, एना. म्हटलं तुमच्याकडे वारा असतो."

"वारा तेवढा फुकट येतो. बस. ती बकरी खरी का गं?"

"खरी."

"आणि ते कोनफळ?"

"कोनफळ आहे. संकेत नाही."

एना समाधानाने हसली. मग आठवल्यासारखं म्हणाली, "आज क्वामेना नाही बोलला. मंगळवारी बकरीवर बोलल्याशिवाय राहायचा नाही तो. लहानपणी त्याच्या बापाची बकरी यानेच सोडून दिली होती, आणि वर म्हणतो तिलाच जायचं होतं."

एकुवाने सुई कापडात घातली. सुई बोटात गेली. तिने बोट कापडाखाली धरलं.

"काम असेल," ती म्हणाली.

"असेल. बोट आली की पाळीवर पाळी लावतात मेले." म्हातारीने फोन नाकाशी नेला, पडद्यावर अंगठा फिरवला. "पण तुला तर सगळं कळतं. बरा आहे ना गं तो?"

तिच्या रीतीत याला तीनच उत्तरं होती. 'खोटं' म्हटलं असतं तर कुळाची रीत मोडली असती आणि माणूसही. 'खरं' तोंडातून निघालं नसतं. एकुवा म्हणाली, "कळलं की सांगते, एना." हा शब्द तिने आजवर ज्या ज्या वेळी दिला त्या त्या वेळी तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. आज पहिल्यांदाच तो खोटा पडला, आणि म्हातारीने तो विश्वासाने घेतला. "सांग हो," ती म्हणाली, आणि पुढचा व्हॉइस लावला.

दुपार अशी सरकत राहिली. केंकीचा वाद संपत आला की ताविया नवा काढी. एक मासा सापडला जो शिंकतो. एका पाद्र्याचा कोंबडा रविवारी आरवत नाही. एकुवाला त्याच्या आवाजावरून कळत होतं की तो आता किनाऱ्यावर नाही, कुठेतरी भिंतीआड एकटा बसून बोलतो आहे. एका व्हॉइसमध्ये तो वाक्याच्या मधेच थांबला. एना म्हणाली, "याला सर्दी झालीय. आलं-लिंबू घ्यायला सांग त्याला." एकुवाने लिहिलं, "एना म्हणते आलं-लिंबू घे." त्याचं उत्तर आलं, लिहिलेलं: "तिला सांग घेतो. आंटी, अजून किती वेळ?"

तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी सावल्या आल्या. एग्या आमिसा, पंच्याऐंशीचे, काठी टेकत, आणि त्यांच्या मागे दोन म्हाताऱ्या. त्यांनी साधी निळी कापडं नेसली होती. शोकाचं काळं कुणी नेसलं नव्हतं.

"अगबाई," एना उठली. "केप कोस्टची माणसं आज वाट चुकली का?"

"वाट नाही चुकलो, आदवोआ. बसू दे आधी."

एकुवाने स्टुलं मांडली. ती पाणी आणायला वळली, तर एनाने तिचा दंड धरला. "माझ्या घरी आलेत, पाणी मी देणार." ती आत गेली, मातीच्या घड्यातून पाणी घेतलं, आमिसांपुढे दोन्ही हातांनी धरलं. त्यांनी थोडं पूर्वजांसाठी जमिनीवर सांडलं, थोडं प्यायले, पेला पुढे दिला. बायका प्यायल्या. एना परत आपल्या स्टुलावर बसली, फोन मांडीवर घेतला, कापड गुडघ्यांवर सारखं केलं आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "इकडे सगळं ठीक आहे. आता तुमचं येणं सांगा."

आमिसांनी काठी आडवी ठेवली. तोंड उघडलं. आणि एनाच्या मांडीवरून ताविया ओरडला, "एना! ऐक! शिंकणाऱ्या माशाचं पुढे काय झालं ऐक!"

त्याला कुणी थांब म्हणून सांगितलंच नव्हतं. एकुवाचा हात पुढे झाला, पण म्हातारीने आपला हात वर केला, पाहुण्यांकडे पाहून अपराधी हसली. "एग्या, थांबा. एवढं ऐकू द्या. सकाळपासून चाललंय याचं."

आमिसांनी मान डोलावली. त्यांच्या मागची एक बाई जमिनीकडे पाहत होती. तावियाने सांगितलं की मासा तव्यावर टाकला तरी शिंकला, म्हणून बायकोने त्याला नवऱ्याचा मफलर गुंडाळला, आणि आता नवरा शिंकतोय. एना हसली. पोट धरून, डोळ्यांतलं पाणी पुसत हसली. पाहुणे वाट पाहत बसले होते. एकुवाला तो व्हॉइस संपू नये असं वाटत होतं, आणि तिला हेही कळत होतं की आपल्याला हे वाटतंय ते एनासाठी नाही, आपल्याला पुढचं बघायचं बळ नाही म्हणून.

तो संपला. पुढचा लागण्याआधी एकुवाने फोन उचलून पालथा ठेवला.

"हं," एना म्हणाली, "बोला."

आमिसांनी सांगितलं. घाई केली नाही. आधी कुळाचं नाव घेतलं, मग तिच्या आईचं, मग तिचं, मग मुलाचं. आणि मग, बसलेल्या बाईला, बसलेल्या पुरुषाने, पाणी पोटात गेल्यावर, सांगितलं.

किंकाळी गल्लीपर्यंत गेली आणि दारांत दिवसभर उभ्या असलेल्या बायका धावत आल्या. त्यांनी एनाला धरलं, डोक्यावरचं फडकं सोडलं, तिच्याबरोबर रडल्या. दिवसभर राखून ठेवलेलं रडू त्यांनी आता मोकळं केलं. एकुवा रडली नाही. ती कोपऱ्यात उभी राहून पाणी देत होती, स्टुलं मांडत होती. कोंबडी चुलीतून उडून गेली होती.

ऊन पिवळं झालं तेव्हा एना गप्प झाली. तिचा आवाज बसला होता. तिने आजूबाजूला पाहिलं, चेहरे एकेक करून, आणि एकुवावर येऊन थांबली.

"तुला ठाऊक होतं."

"होतं, एना."

"तावियाला?"

"त्यालाही."

"मास्तरणीला?"

"सगळ्यांना."

एकुवा कुठल्याही शब्दाला तयार होती. तिने तो मनात आधीच ऐकला होता: मी हसत होते आणि तुम्ही मला हसवत होतात.

"माझा फोन दे," एना म्हणाली.

एकुवाने दिला. एनाने अंगठा ठेवला, दाबून धरला. तिला शिकवलं होतं तसंच, आणि शिकवणाऱ्याचं नाव ती आता घेत होती.

"मी आदवोआ बोलते. माझा क्वामेना गेला. एग्या आमिसा घरी आले, बसले, पाणी प्यायले आणि त्यांनी मला सांगितलं." ती थांबली. अंगठा तसाच होता. "आता बोला."

तिने फोन एकुवाच्या हातात परत ठेवला आणि डोळे मिटून भिंतीला टेकली. पहिला आवाज आला तो तावियाचा. त्यात शब्द नव्हते. नुसता श्वास, आणि मागे समुद्र. मग मॅडम आर्थर. मग टोरांटोचा माणूस, मग कुमासीची बाई, मग बॅफो, ज्याला "माफ कर, एना" एवढंच म्हणता आलं आणि तेही पुरतं नाही. आवाज एकावर एक येत होते, पडदा भरून खाली घसरत होता. एकुवाची मान ठणकत होती, बोटाला सुई लागलेली जागा सुजली होती, आणि चष्मा कुठला लावावा ते तिला उमगत नव्हतं.

"पुढचं लाव," एना डोळे न उघडता म्हणाली. "सगळ्यांचं ऐकायचंय मला."

एकुवा तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि पुढचं लावलं.